लेखकाने स्वतःविषयी किती सांगावे?

महाडहून वरंधा घाटाकडे जाताना वाटेत शिवथरचा फाटा लागतो. सह्याद्रीच्या कुशीत, धबधब्याच्या पाण्यामागे दडलेली ती घळ आज महाराष्ट्राला परिचित आहे. समर्थ रामदासांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली या स्थानाचा शोध घेतला, तेव्हापासून भाविकांची आणि अभ्यासकांची पावले येथे वळू लागली. वीस दशक, दोनशे समास आणि पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या, एवढा या ग्रंथाचा विस्तार. परंतु एवढ्या मोठ्या ग्रंथात ग्रंथकर्ता स्वतःविषयी किती बोलतो, हे पाहू गेल्यास हाती फारच थोडे लागते. जांब हे गाव, नारायण सूर्याजीपंत ठोसर हे मूळ नाव, शके १५३० हे जन्मवर्ष. हा सारा तपशील आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः शिष्यपरंपरेने लिहिलेल्या चरित्रांतून. ग्रंथात उरला तो केवळ ‘दास’.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. मराठी लेखकापुढे आता एक नवे दार उघडू पाहत आहे. ते म्हणजे इंग्रजी अनुवादाचे आणि त्या मार्गाने देशाबाहेरच्या वाचकाचे. हिंदीतून इंग्रजीत गेलेल्या गीतांजली श्री यांच्या कादंबरीला २०२२ मध्ये, तर कन्नडमधून गेलेल्या बानू मुश्ताक यांच्या कथांना २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. त्यानंतर भारतीय भाषांतील लेखनाविषयीचे कुतूहल वाढले आहे. या दारावर पुष्कळदा एक माणूस उभा असतो, तो म्हणजे साहित्यिक एजंट अर्थात लेखकाचा प्रतिनिधी. त्याला पाठवायच्या पत्रात कादंबरीचा गोषवारा लिहिताना आपले लेखक फारसे अडखळत नाहीत; अडखळतात ते शेवटच्या चार ओळींपाशी, जेथे स्वतःची ओळख करून द्यायची असते. कोणी तेथे पानभर सत्कारांची यादी देतो, तर कोणी संकोचाने काहीच लिहीत नाही. दोन्हींमुळे नुकसान होते ते चांगल्या पुस्तकाचे.

एजंट म्हणजे कोण?

मराठी प्रकाशनव्यवहारात हा मनुष्य जवळजवळ अपरिचित आहे. आपल्याकडे लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो. संपादक, प्रकाशक आणि लेखक यांचे संबंध पुष्कळदा घरोब्याचे असतात. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ए. पी. वॉट यांनी लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करण्याचा व्यवसाय सुरू केला. व्यावसायिक साहित्यिक एजंटांत त्यांचे नाव पहिल्या पिढीत घेतले जाते. लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून ठरावीक टक्केवारी घ्यायची, हीच या व्यवसायाची रीत पडली. आज बाहेरदेशी ती साधारणतः पंधरा टक्के आणि परकीय हक्कांवर वीस टक्के असते. भारतात जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड, बंगळुरूहून सुरू झालेली जॅकारँडा अशी नावे गेल्या दोन-तीन दशकांत पुढे आली.

येथे एक सावधगिरीची सूचना. खरा एजंट पुस्तक विकले गेल्यावर टक्केवारी घेतो. हस्तलिखित वाचण्यासाठी आगाऊ पैसे मागत नाही. ‘नोंदणी शुल्क भरा, मग वाचतो’ असे कोणी म्हटल्यास त्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

एजंटाला पाठवायचे विचारणापत्र एका पानाचे, सुमारे तीनशे शब्दांचे असते. त्याचे तीन भाग मानता येतील. पुस्तक कोणते, कोणत्या प्रकारचे आणि केवढे, हा पहिला. त्यात काय आहे, हा दुसरा. ते लिहिणारा कोण, हा तिसरा. पहिले दोन भाग पत्राचा बहुतांश व्यापतात. लेखकपरिचयाला पन्नास ते शंभर शब्द पुरतात.

दासबोधाचा पहिला समास

आता पुन्हा शिवथरकडे वळू. दासबोधाच्या पहिल्याच समासाचा आरंभ श्रोत्यांच्या प्रश्नांनी होतो. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि तो ऐकून काय मिळेल, असे श्रोते विचारतात. समर्थ त्यांची उत्तरे क्रमाने देतात. ग्रंथाचे नाव दासबोध, स्वरूप गुरुशिष्यांचा संवाद, विषय भक्तिमार्ग. मग आतील विषयांची यादी येते. त्यानंतर एक शंका उपस्थित होते, की हे सारे स्वतःच्या मतीने रचलेले आहे काय? तिला उत्तर म्हणून उपनिषदे, भगवद्गीता, भागवत आणि अनेक गीता यांची नावे आधारादाखल दिली जातात. समग्र ग्रंथ न पाहता जो उगाच दूषण ठेवतो, त्यालाही समर्थ चार शब्द सुनावतात. अखेर फलश्रुती.

सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या समासात आणि आजच्या विचारणापत्रात हेतूचे अंतर फार मोठे आहे. एक परमार्थासाठी, दुसरे प्रपंचासाठी. तरीही अनोळखी श्रोत्यापुढे नवा ग्रंथ ठेवताना कोणत्या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात, हे त्या समासाला नेमके ठाऊक आहे. विशेष हे, की ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर तेथे कुळाने, गावाने किंवा पदवीने दिलेले नाही. ‘हे कशाच्या आधारे बोलता?’ या प्रश्नाच्या उत्तरात ते सामावले आहे. लेखकपरिचयाचे मर्म येथेच आहे. वाचणाऱ्याला लेखकाचे मोठेपण नको असते. या विषयावर बोलण्याचा त्याचा आधार कोणता, एवढेच हवे असते.

संकोच आणि स्तुती

मराठी लेखकाच्या संकोचालाही तसेच जुने मूळ आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांत, जो आपणच आपली स्तुती करतो आणि जो वाडवडिलांची कीर्ती सांगत बसतो, त्यांची गणना मूर्खांत केली आहे. हे संस्कार पिढ्यानपिढ्या मुरलेले आहेत. ‘आपल्या तोंडाने आपली स्तुती कशी करावी?’ असे म्हणून पोलादपूर-महाडकडचा एखादा शिक्षक, शेतकरी किंवा गिरणीतून परतलेला चाकरमानी परिचयाचा रकाना रिकामाच सोडतो.

परंतु स्तुती आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी संवेदनशील लेखिका आहे’ ही स्तुती. ‘मी वीस वर्षे या तालुक्यातील शाळेत शिकवते’ ही माहिती. पहिल्या वाक्याचा निर्णय वाचणाऱ्याने करायचा असतो, लेखकाने नव्हे. दुसरे वाक्य मात्र लेखकाशिवाय कोणी सांगू शकत नाही. साधी कसोटी अशी, की जे वाक्य कोणाही लेखकाच्या परिचयात तसेच्या तसे बसेल ते खोडावे. जे केवळ आपल्याच परिचयात बसेल ते ठेवावे. ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ हे वाक्य या कसोटीवर हमखास नापास होते.

आपल्या परंपरेत माहिती देण्याचा संकोच कधीच नव्हता. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा, गोदातीर, रामदेवराव यादवांचे राज्य, शके १२१२ हे वर्ष आणि लेखन करणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव, एवढे सगळे आले आहे. दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची चार हजार सातशे साठ वर्षे झाल्याचा उल्लेख येतो. त्यावरूनच अभ्यासकांना शके १५८१ हे वर्ष काढता आले. संतचरित्रकार महिपतींनी भक्तविजयात नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचा आधार मोकळेपणाने सांगितला. स्थळ, काळ, परंपरा, आधार आणि सहकारी, या पाच गोष्टी जुन्या ग्रंथकारांनी सांगितल्या. विशेषणे मात्र स्वतःला लावली नाहीत.

काय लिहावे?

आधी प्रकाशित लेखन. पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष. दिवाळी अंकांत कथा आल्या असतील तर त्यांची नावे द्यावीत. पण मराठीबाहेरच्या माणसाला दिवाळी अंक म्हणजे काय, हे एका वाक्यांशात सांगावे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली ही परंपरा आपल्याला शतकाहून जुनी आणि मानाची, परक्याला मात्र ती सणाची जाहिरातपुस्तिका वाटू शकते. ‘वार्षिक साहित्यविशेषांक’ एवढे म्हटले तरी काम भागते.

मग पुरस्कार. साहित्य अकादमी किंवा राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार असेल तर वर्षासह लिहावा. गल्लीतील मंडळाने दिलेली शाल आणि श्रीफळ ही प्रेमाची खूण आहे, ती घरी जपावी. परिचयात तिची गरज नाही. दोन महत्त्वाचे पुरस्कार लिहिल्याने जे साधते, ते बारा लिहिल्याने बिघडते.

त्यानंतर या पुस्तकाशी असलेले नाते. ललितेतर लेखनात हा भाग सर्वांत मोलाचा. आंबेनळी घाटातील वनस्पतींवर पुस्तक लिहिणाऱ्याने वनस्पतिशास्त्राचा अभ्यास किंवा तितकीच वर्षांची रानातली भटकंती सांगितलीच पाहिजे. कादंबरीत हे नाते अत्यावश्यक नसते, कारण कादंबरी स्वतःच स्वतःचा पुरावा असते. असल्यास मात्र एका वाक्यात सांगावे.

शेवटी अनुवादासंबंधीची वस्तुस्थिती. मूळ पुस्तक कधी आणि कोठे प्रसिद्ध झाले, अनुवादक ठरला आहे काय, किती प्रकरणांचा अनुवाद तयार आहे आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या पुस्तकाचे हक्क मुळात लेखकाचे असतात. परंतु मराठी प्रकाशकाशी केलेल्या करारात अनुवादाचे हक्कही दिले गेले आहेत काय, हे पाहणे आवश्यक आहे. हक्क लेखी हस्तांतरित केले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांची मानतो. जुना करार कपाटातून काढून वाचल्याशिवाय ‘हक्क माझ्याकडे आहेत’ असे लिहू नये.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी पत्रात खरे नावही द्यावे, कारण करार खऱ्या नावानेच होतो. केशवसुत, कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस अशी मोठी परंपरा असलेल्या भाषेत टोपणनावाचे समर्थन करावे लागत नाही. काही वेळा तर ते नाव म्हणजेच पुस्तकाची हकीकत असते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ कोण, या प्रश्नाने महाराष्ट्रात वादळ उठले. स्त्रीच्या मनातले एवढे उघडपणे लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना त्या काळी नावाचा पडदा घ्यावा लागला, ही वस्तुस्थिती पुस्तकाविषयी पुष्कळ सांगून जाते.

एक उदाहरण

कल्पना करा, की पोलादपूर तालुक्यातील एक शिक्षिका दरड कोसळल्यावर विस्थापित झालेल्या गावावर कादंबरी लिहिते. हा विषय या भागाला दुर्दैवाने परका नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही गावे दरडींखाली सापडली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या कल्पनेतील या शिक्षिकेने प्रथम असा परिचय लिहिला:

‘सुप्रसिद्ध लेखिका, कवयित्री, निवेदिका व समाजसेविका. लहानपणापासून साहित्याची आवड. विविध दैनिके, मासिके व दिवाळी अंकांतून विपुल लेखन. अनेक मान्यवर संस्थांच्या पुरस्कारांनी सन्मानित. आजोबा परिसरातील नामवंत कीर्तनकार. सदर कादंबरी वाचकांच्या काळजाला हात घालेल याची खात्री आहे.’

यात एकही नाव नाही, वर्ष नाही, संख्या नाही. ‘विविध’, ‘विपुल’, ‘अनेक’, ‘मान्यवर’ हे शब्द माहिती दिल्याचा भास करतात, पण देत काहीच नाहीत. वडिलधाऱ्यांची कीर्ती आली आहे. आणि जो निर्णय वाचकाचा तो लेखिकेने आधीच देऊन टाकला आहे. तिच्यापाशी जे खरोखर आहे ते मात्र राहूनच गेले. तेच असे लिहिता येईल:

‘मी पोलादपूर तालुक्यात राहते आणि गेली वीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरडीत घर गमावून पुनर्वसन वसाहतीत आलेली काही मुले माझ्या वर्गात होती. या कादंबरीचे बीज तेथे आहे. माझ्या कथा तीन दिवाळी अंकांत, म्हणजे मराठीतील वार्षिक साहित्यविशेषांकांत, आल्या असून २०१९ मध्ये एक संग्रह प्रसिद्ध झाला. ही माझी पहिली कादंबरी. मराठी हस्तलिखित पूर्ण आहे. पहिल्या तीन प्रकरणांचा इंग्रजी अनुवाद सोबत जोडला आहे. अनुवादाचे हक्क माझ्याकडे आहेत.’

प्रत्यक्ष पत्रात अंकांची आणि संग्रहाची नावे येतील. या परिचयात एकही विशेषण लेखिकेला लावलेले नाही. तरी ती वाचणाऱ्याला दिसते. ‘ही माझी पहिली कादंबरी’ हे वाक्य लपवण्याचे कारण नाही. नवा लेखक शोधणे हे एजंटाच्या कामाचाच भाग आहे. पत्रात प्रथमपुरुष शोभतो, तर पुस्तकाच्या मलपृष्ठावर तृतीयपुरुष. हाच मजकूर एका वाक्यात, पन्नास शब्दांत आणि शंभर शब्दांत असा तीन मापांत तयार ठेवावा, कारण प्रत्येक ठिकाणची मागणी वेगळी असते. पत्र धाडण्यापूर्वी त्या एजंटाने दिलेल्या सूचना वाचाव्यात. परिचय किती शब्दांचा हवा, हे पुष्कळदा तेथेच लिहिलेले असते.

दुसऱ्याचे दुःख

या उदाहरणात एक नाजूक जागा आहे. शिक्षिकेने ‘मी दरडग्रस्त’ असे म्हटले नाही. ‘माझ्या वर्गात ती मुले होती’ एवढेच म्हटले. आज जगाच्या बाजारात ‘अनुभवाचे लेखन’ या शिक्क्याला किंमत आहे. त्यामुळे स्वतः न भोगलेले दुःख परिचयात हळूच आपल्या नावावर चढवण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळलाच पाहिजे. कादंबरीत कल्पनेला मुभा आहे, परिचयात नाही. खोटा परिचय उघडकीस आला तर केवळ लेखकाची नाचक्की होत नाही. ज्यांचे दुःख खरे आहे त्यांच्या पुढच्या शब्दावरचाही विश्वास उडतो.

उलट, अनुभव ज्यांचा स्वतःचा आहे त्यांनी तो सांगताना खाली पाहण्याचे कारण नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये मराठी साहित्याची चौकट हलवली. त्यात शिकलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात. एकाच माणसाचे दोन परिचय एकमेकांना प्रश्न विचारतात. कोणता परिचय जगापुढे ठेवायचा आणि कोणता लपवायचा, हा प्रश्न किती खोल असू शकतो, हे त्या पुस्तकाने दाखवले. महाडच्या मातीतही याचे उदाहरण आहे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे असलेले रा. बा. उर्फ आर. बी. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक २०१९ मध्ये इंग्रजीत आले तेव्हा त्याच्या शीर्षकात दलित आणि कम्युनिस्ट हे दोनच शब्द शेजारीशेजारी ठेवले गेले. त्या दोन शब्दांत सबंध आयुष्याचा ताण मावला. परिचय नेमका असेल तर तो दोन शब्दांचाही पुरतो.

ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे प्रकाशित लेखन नाही, त्यांनी काय करावे? गाव, व्यवसाय आणि पुस्तकाशी असलेले नाते, एवढी दोन वाक्ये लिहावीत आणि थांबावे. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या नावामागे पदवी नव्हती, पुरस्कार नव्हते. लेवा गणबोलीत रचलेल्या त्या ओळी जात्यावर आणि शेतात जन्मल्या, ही एकच गोष्ट त्यांचा परिचय म्हणून पुरेशी होती. रिकामी जागा विशेषणांनी भरण्यापेक्षा ती तशीच सोडणे केव्हाही अधिक प्रतिष्ठेचे.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, पानाच्या कडेला जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही, असा उपदेश त्यात आहे. तो बोरूने लिहिणाऱ्यांसाठी होता. पण परिचयालाही तो लागू पडतो. चार मोकळी, सरळ वाक्ये लिहावीत आणि कडेला थोडी जागा सोडावी. आपण त्या जागेत मावलो नाही, अशी हुरहुर वाटू देऊ नये. जे मावले नाही त्यासाठीच तर सोबत हस्तलिखित असते.